सात ठिकाणी तेच आकडे

बायको रुखमा माहेरी, लाखांदूरला वारल्याची तार यादोरावला वरठीच्या कारखान्यात मिळाली. तिथल्या भट्टीवर देखरेख करणाऱ्या छोट्या संगणकाची मेमरी इतकी कमी, की 'बेसिक' ही प्रोग्रामिंगची सोपी भाषा त्यात मावेना. म्हणून तो नुसत्या आकड्यांच्या मशीन भाषेत प्रोग्राम लिहीत होता. तोही थोडक्यासाठी मावत नव्हता.

त्या आकड्यांवरूनच ती रुसून गेली होती. "मले समजू नये म्हनून असं लिहून राहिले न? कोन बाई आहे ते?" यादोराव नुसता हसला होता.

रुखमाने जाताना त्याची आकड्यांची वही नेली होती, ती तेराव्याला मेहुणीने परत दिली. सात ठिकाणी तेच आकडे शोधून रुखमाने खाली लिहिलं होतं, 'हेच तिचं नाव.'

प्रोग्राममध्ये सातदा आलेला तो तुकडा यादोरावने एकदाच ठेवला, सातही ठिकाणांहून तिथेच जायची आज्ञा लिहिली आणि प्रोग्राम मावला.



ते कोणाचंच नाव नव्हतं, हे रुखमाला सांगायचं राहिलं.