खड्ड्याशेजारची खुर्ची

माझ्या धाकट्या भावाला, सेतेफानोला, घराण्याचं प्रमुखपद काय मिळालं, खुर्ची रोज शाळेच्या वाळूच्या खड्ड्याला चिकटलेली. नीरफणसाची सावली तिथंच पडते म्हणे. आमच्या सामोआत बसलेल्या मोठ्या माणसापुढून ताठ कुणी जात नाही. त्यामुळे लांब उडी शिकणारी पोरं जोरात धावत यायची, त्याच्यापाशी आली की कंबरेत वाकून "तुलोऊ, आजोबा" अशी माफी मागायची आणि पोत्यासारखी वाळूत पडायची. खेळ शिकवणाऱ्या मालियाबाई "मान वर, हात वर" ओरडून घसा बसवून घेत होत्या, पण प्रमुखाला ऊठ म्हणायला त्यांची जीभ रेटेना. बेटाच्या खेळांसाठीची निवड एका दिवसावर आली. माझी नात फुआतिनो रडकुंडीला आली.

मग मीच गेले; आमच्यात बहिणीचा मान प्रमुखालाही राखावा लागतो. "सेतेफानो, ऊठ. उभ्या माणसापुढं वाकावं लागत नाही."

"रीत आहे, ताई. पोरांना वळण नको का?"

"वळण लावायला त्यांच्या आया आहेत. ऊठ म्हणते ना."

तो कुरकुरत उठला. फुआतिनो ताठ धावत आली, फळीवर पाय आपटला आणि पार खड्ड्याच्या टोकाला जाऊन उतरली. मालियाबाईंनी टाळी वाजवली. हा मात्र परत खुर्ची ओढायला लागला.

"बस की," मी म्हटलं. "पण मग मीही तुझ्यापुढून वाकूनच जाईन, सगळ्या गावादेखत. थोरल्या बहिणीला वाकवणारा प्रमुख म्हणून मिरव जन्मभर."