पहिला नंबर

सुतारकाका दवाखान्याचं दार ठोठावत होते आणि आतून कोणी उघडत नव्हतं. शेवटी बाजूची खिडकी बोटभर किलकिली झाली.

“काका, घरी जा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. नाकातोंडावर मास्क, दिसत होते ते फक्त डोळे.

“का म्हणून? पहिला आलोय मी!”

ते रोजच पहिले यायचे. दवाखान्यातलं बाक त्यांनीच बनवलेलं, नंबराचे लाकडी बिल्लेही त्यांच्याच हातचे. एक नंबरचा बिल्ला दुसऱ्या कोणाच्या हातात दिसला, की काकांचा रक्तदाब तपासायच्या आधीच चढायचा. दुखणं असो नसो, त्या बाकावर घटकाभर बसून गप्पा छाटल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

“साथ आलीय, काका. जन्मभर लाकडाचा भुसा गेलाय तुमच्या छातीत. हा आजार तिथं शिरला तर माझ्याकडे उपाय नाही. खोटं कशाला सांगू?”

“म्हणजे तरण्यांना दार उघडं आणि म्हाताऱ्यांना बंद! छान आहे न्याय!”

बाईंनी खिडकीतून एक बिल्ला सरकवला. पुठ्ठ्याचा, वेडावाकडा कापलेला, वर पेनाने काढलेला एकचा आकडा.

“आज ना उद्या लस येईल. त्या दिवशी पहिला नंबर तुमचा. पण तोवर घराचा उंबरठा ओलांडलात, तर नंबर गेला. आणि कोणाला सांगू नका, उगाच बाकीच्यांची तोंडं वाकडी होतील.”

“माझा लाकडी बिल्ला कुठाय?”

“हरवला.”

“आणि हा कोणी कापला? दातांनी?” काका पुटपुटले. पण बिल्ला त्यांनी खिशात जपून ठेवला.

त्या दिवसापासून काका घरात बसले ते बसलेच. औषधं कंपाउंडर दाराशी ठेवून जायचा. रोज संध्याकाळी बाईंचा फोन यायचा. बोटाला चिमटा लावून काका ऑक्सिजनचा आकडा सांगायचे आणि वर कुरकुरही ऐकवायचे. एकदा आकडा घसरला. तेव्हा बाई भर उन्हात काकांच्या खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या, खालूनच त्यांना श्वासाचा पंप ओढायला लावला आणि आकडा सावरेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. काका त्या दिवशी कुरकुरले नाहीत.

नातीचं लग्न ठरलं. “आजोबा, अर्धा तास तरी या ना,” ती फोनवर रडवेली होऊन म्हणाली. हिचा पाळणा त्यांनी स्वतःच्या हाताने बनवला होता. त्यांनी खिसा चाचपला.

“नाही गं बाळा. नंबर जाईल माझा.”

सून म्हणाली, “काय बाई हा हट्ट!” काकांनी मोबाइलवर लग्न पाहिलं आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

आणि एकदाची लस आली. बाईंचा फोन येताच काका ठेवणीतला सदरा घालून, सुनेच्या आधाराने, ताठ मानेने निघाले. दवाखान्याच्या अंगणात लांब लांब खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या खुर्चीवर निवृत्त पोस्टमन बसला होता, बाकावरचा त्यांचा जुना भांडखोर सोबती.

“मागे बसा सुतार. पहिला नंबर माझा.”

“तुझा? डोळे तपासून घे आधी!” काकांनी बिल्ला काढला.

पोस्टमननेही काढला. तोच पुठ्ठा, तशीच वाकडी कड, तोच एकचा आकडा.

“अहो, भांडताय काय?” पलीकडून शिंपीणबाई ओरडल्या. “एक नंबर तर माझाय!” त्यांच्या हातातही बिल्ला होता. त्यांच्या मागे बेकरीवाल्या आजोबांच्या हातात होता. काकांनी अंगणभर नजर फिरवली आणि ते हळूच उरलेल्या खुर्चीवर बसले.

“जेवढे बिल्ले कापले तेवढ्याच खुर्च्या मांडायला सांगितल्या बाईंनी,” कंपाउंडर सुनेला सांगत होता. “एकही कमी मांडायची नाही म्हणाल्या.”

दार उघडलं. डॉक्टरबाई उंबऱ्यावर आल्या.

“हं, पहिला नंबर कोणाचा?”

अंगणभर सुरकुतलेले हात वर झाले. एकही खुर्ची रिकामी नव्हती.