आतल्या खोलीचं नेट

"अहो, माझ्याकडे नेट येत नाहीये," नलिनी आतल्या खोलीतून म्हणाली. तिच्या गाण्याच्या ऑनलाइन वर्गाची वेळ झाली होती.

इंटरनेटची लाईन तिच्या नवऱ्याच्या, दिगंबररावांच्या कॉम्प्युटरला होती. तिथून वायरने तिच्या लॅपटॉपला नेट जायचं. त्यांनी सेटिंग उघडलं. शेअरिंगची टिक निघाली होती, एका क्लिकचं काम. पण तिला गाणं त्यांनीच शिकवलं होतं, आणि आता शिष्य सगळे तिच्याकडे. त्यांनी माऊसवरचा हात काढला.

"लाईनच गेलीय."

नलिनी दारात आली. त्यांच्या स्क्रीनवर क्रिकेटची मॅच लाइव्ह चालू होती.

"तुमच्याकडे येतंय की," ती शांतपणे म्हणाली. "मग आजचा वर्ग इथून तुम्हीच घ्या." तिने वर्ग जोडून दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

दिगंबररावांनी जीव ओतून भूप राग शिकवला. प्रत्येक चुकीला थांबवलं. वर्गातल्या मुली हळूहळू गप्प झाल्या. शेवटी एकीने भीत भीत विचारलं, "सर, ताई येणार नाहीत का? त्यांच्यासमोर चुकलं तरी गावंसं वाटतं."

दिगंबररावांनी सेटिंग उघडून शेअरिंगची टिक परत केली.

"नलू, सुरू झालं बघ," त्यांनी हाक मारली. "मुली वाट बघतायत."