दुपट्याचा बोळा

“हे भोक बुजवायचं नाही हं, ताई. बॅटरी म्हणजे घरातलं थोरलं माणूस. तोंड दाबलंत की आतल्या आत धुमसत राहतं,” असं बॅटरीवाले काका तिला बजावून गेले होते. तिनं “हो हो” म्हटलं. मग थंडी पडली आणि बॅटऱ्यांच्या खणाच्या त्या भोकातून आलेला वारा वरच्या पलंगाच्या फटींतून सात महिन्यांच्या पोरीच्या पायांना लागू लागला. त्याच दिवशी तिनं एका जुन्या दुपट्याचा बोळा केला आणि त्यांच्या राहत्या बसच्या बाहेरून भोकात गच्च कोंबला. बॅटरीनं श्वास घ्यायचा आणि लेकरानं गारठायचं, हा कुठला न्याय?

आज त्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या.

जुन्या बसचं घर करताना नवऱ्यानं मागे पलंग बांधला होता आणि पलंगाखालच्या बंद खणात चार बॅटऱ्या बसवल्या होत्या. एकेक साठ किलोची. टपावरच्या सोलर पॅनेलवर त्या दिवसभर चार्ज होत, पण हल्ली संध्याकाळ होताच दिवे मान टाकायचे.

पलंग मोकळा करायला दोघांनी पोरीला गादीसकट उचलून पुढच्या बाकावर ठेवलं. ती हललीसुद्धा नाही.

“बघ, किती गुणी झालीय,” नवरा म्हणाला. “आधी चमचा पडला तरी बस डोक्यावर घ्यायची.”

तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चार दिवस पोरगी नुसती झोपत होती. सकाळपासून तिचं स्वतःचं डोकंही ठणकत होतं, पण ते काय, आई झाल्यापासून रोजचंच.

नवऱ्यानं पलंगाची फळी वीतभर उचलली, खाली लाकडी ठोकळा सरकवला आणि आडवं होऊन पान्यासकट हात खांद्यापर्यंत आत घातला.

“अरे, थांब ना. काका येतीलच.”

“नट ढिला करायला काका कशाला? ते येईपर्यंत एक तरी सुटेल.”

तेवढ्यात दारात काका आले. नव्या बॅटऱ्यांची हातगाडी त्यांनी बाहेरच लावली होती. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि नाक वर केलं.

“अंडी सडलीत का हो घरात?”

“लंगोट आहेत, काका,” ती ओशाळून म्हणाली. नवऱ्यालाही ती चार दिवस हेच सांगत होती. लंगोटांची बादली दोनदा उकळत्या पाण्यानं घासून झाली होती. वास हटत नव्हता.

काका दुसरी पायरी चढलेच नाहीत. “ताई, ते भोक उघडं आहे ना?”

नवऱ्यानं पडल्या पडल्या मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नुसतं “हो” म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. मागच्या बाजूनं जाऊन बोळा गुपचूप काढताही आला असता.

“बुजवलंय,” ती म्हणाली. “मीच.”

“पाना कुठे आहे रे?” काकांचा आवाज एकदम खाली आला.

“नटावर.”

“फिरवू नकोस. टपावर ऊन आहे, चार्जिंग चालू आहे. आत गॅस कोंडलाय. एक ठिणगी उडाली की संपलं. पाना सरळ वर उचल. कशाला टेकवू नकोस. ताई, पोरीला घ्या आणि उतरा. पळू नका, पण थांबूही नका.”

तिनं पोरीला उचललं. मान तिच्या कोपरावर लुळी पडली. तीन पायऱ्या ती उतरली, पण सगळा जीव कानात होता. मागे लोखंडावर लोखंड घासतंय का, एवढंच ती ऐकत होती.

काहीच ऐकू आलं नाही.

अंगणातल्या नळावर तिनं पोरीच्या तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले. “ए ठमे, ऊठ. ऊठ गं बाई, रड. हवं तेवढं रड.” नाकाशी गाल नेला, तर श्वास लागत होता. पण डोळे उघडत नव्हते.

आणि टण्णकन आवाज झाला.

ती पोरीवर ओणवी झाली. काही झालं नाही. नवरा दारात उभा होता, घामानं निथळत, आणि त्यानं फेकलेला पाना अंगणातल्या दगडावर अजून गिरकी घेत होता. तिच्या छातीखाली काहीतरी दचकलं. बारीक कुरकुर झाली, मग ओठ थरथरले आणि पोरीनं असा टाहो फोडला की समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

डॉक्टरांनी तपासलं, गॅसनंच गुंगी आली होती म्हणाले आणि पोरीला दिवसभर मोकळ्या हवेत ठेवायला सांगितलं. भोकातला बोळा उपसून, बसची दारंखिडक्या उघडी टाकून, पॅनेलवर ताडपत्री घालून काका दोन तास थांबले. मग नवऱ्यानं आणि त्यांनी पट्टा बांधून जुन्या बॅटऱ्या ओढून काढल्या. एकीचं पोट फुगलं होतं, हात लावला तर चटका बसत होता. नव्या बॅटऱ्या काकांनी खालच्या सामानाच्या डिकीत बसवल्या. “माणसांनी वर राहावं, बॅटऱ्यांनी खाली,” एवढंच म्हणाले.

नवऱ्यानं तो बोळा तिच्या हातात दिला. बॅटरीच्या ॲसिडनं पिवळं पडलेलं दुपटं ओल्या कागदासारखं बोटांत सुटत गेलं. त्यावर छापलेल्या बदकांपैकी एकच शाबूत होतं.

हे वाचताना तुमच्याही घरात एखादं लेकरू मघापासून शांत निजलं असेल. गुणी आहे, निजू दे, असं म्हणू नका. पुढचं राहू द्या. आधी उठा आणि त्याला एकदा बघून या.