शेजारची बशी

खालापूरच्या प्रयोगशाळेत रूपा आईच्या रक्तापासून मूळपेशी बनवून त्यांतून काचेच्या बशीत डोळ्याच्या पडद्याच्या पेशी वाढवत होती. भिसेगावात राहणाऱ्या आईला, पुतळाबाईला, बारा वर्षांत काही दिसलेलं नव्हतं. शेजारच्या बशीत वडिलांच्या तशाच पेशी होत्या. वडील दिवाळीत गेले. पेशींना काय त्याचं, त्या वाढतच राहिल्या.

शंभराव्या दिवशी भर दुपारी रूपा बश्यांमधलं पोषक पाणी बदलत होती. रोजच्यासारखा आईचा फोन स्पीकरवर चालू होता. बोलता बोलता आई थबकली.

"हातात निळे मोजे कशाला घातलेस गं?"

रूपानं घाईघाईनं दोन्ही बश्या उबदार कपाटात ठेवल्या आणि दार लावून घेतलं.

"आंधार का केलास गं?" आई कुजबुजली. "आन् हे माझ्याकडं असे का बघतायत?"