मॅडमचं अन्नपाणी

मॅडमनं ज्वारीकडं पाहिलं, भगवंतरावांकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"नाई खात ते," मनकर्णा म्हणाली.

"खाईन. तिचा बाप खाईन," भगवंतराव म्हणाले आणि परसात मांडी ठोकून बसले.

मॅडम म्हणजे कोंबडी. नाव या नवराबायकोच्या मुलीनं, सपनानं ठेवलेलं. पिल्लू होती तेव्हापासून ती सपनाच्या मागंमागं फिरायची आणि अभ्यास चालू असला की वहीत डोकावायची. दहावीनंतर सपनाचा बासरच्या कॉलेजात नंबर लागावा म्हणून भगवंतरावांनी गावदेवी पोचम्माला हीच कोंबडी नवसात बोलली. नंबर लागला. सपना पेटी घेऊन होस्टेलात राहायला गेली. आता रविवारी नवस फेडायचा, तर मॅडमनं अन्न सोडलेलं.

पोचम्माची रीत सरळ होती. भगत देवीपुढं तांदूळ टाकतो. कोंबडीनं टिपले तर देवीनं जीव कबूल केला. नाही टिपले तर नवस अंगावर राहतो. दुसरी कोंबडी चालत नाही, बोललेलीच लागते. द्वारकाबाईचा नवस असाच अडकला होता आणि तिचा सुरज पोलीस भरतीच्या शर्यतीत भलत्याच दिशेनं धावत सुटला, असं गाव अजून सांगतं. म्हणजे सपनाचं सारं शिक्षण सध्या एका चोचीला टांगलेलं होतं.

भगवंतरावांनी लसूण ठेचून चारला. मॅडमनं तो त्यांच्याच सदऱ्यावर उडवला. गळ्याखालची पिशवी तेल लावून चोळली, पिशवी रिकामी. मग तिला कापडी थैलीत घालून बसनं गुडीहत्नूरला नेलं. जनावरांच्या डॉक्टरनं चोच उघडून पाहिली, डोळे पाहिले, शेपूट उचलून पाहिलं.

"अंता बागुंदि," तो म्हणाला. सगळं चांगलं आहे.

भगवंतरावांना राग आला. सगळं चांगलं आहे, तर ही उपाशी काऊन मरते?

कोंबडी वाळवी आवडीनं खाते असं कोणीतरी सांगितलं. वाळवी त्यांच्याच घराच्या चौकटीत होती. त्यांनी कुऱ्हाड घेतली.

"आता दार काय माह्या साडीले लावता?" मनकर्णानं विचारलं.

"दार मंग पाहू."

मॅडमनं वाळवीलाही नकार दिला. तेव्हा भगवंतराव हट्टाला पेटले. शेतातलं कपाशीचं डवरणं राहू दिलं आणि तळहातावर ज्वारी घेऊन तिच्यासमोर बसून राहिले. नुसतं बसून कंटाळा येतो, म्हणून बोलू लागले. होस्टेलातला भात कसा असेल, पोरीला रात्री झोप येत असेल का, फोनवर ती 'बरं हाय' एवढंच काऊन म्हणते. मॅडम मान वाकडी करून ऐकायची. एका दुपारी ऐकता ऐकता तिनं एक दाणा उचलला. मग दुसरा. शनिवारपर्यंत तळहात टोचून टोचून लाल झाला. तो लाल तळहात त्यांनी चहाच्या हॉटेलात चार जणांना दाखवला.

रविवारी लिंबाखाली पोचम्मापुढं सुधाकर भगतानं सुरी धुवून ठेवली आणि तांदूळ टाकले. मॅडमनं तांदळाकडं पाहिलंसुद्धा नाही. ती भगवंतरावांकडं बघत राहिली.

"माह्या हातूनच खाते ते," भगवंतराव ऐटीत म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

"मंग दे तुह्या हातानं," सुधाकर म्हणाला. "देवीची हरकत नाई."

भगवंतरावांनी तळहातावर तांदूळ घेतले. मॅडम तुरुतुरु आली. तिनं मान लांब केली. त्या मानेवर त्यांनीच चोळलेलं तेल अजून चमकत होतं. भगवंतरावांनी मानेकडं पाहिलं, सुरीकडं पाहिलं, आणि मूठ मिटून सगळे तांदूळ आपल्याच तोंडात टाकले.

कच्चे तांदूळ होते. चावल्याचा आवाज लिंबावरच्या कावळ्यांनीही ऐकला.

"दाना तू टिपला, गड्या," सुधाकर म्हणाला. "कोंबडी सुटली. आता देवीनं तुले कबूल केलं."

"कबूल," भगवंतराव म्हणाले. तोंड भरलेलं होतं, पण शब्द स्पष्ट होता.

मनकर्णा पुढं आली. "अख्खेच घेता का, भगत? घराची चौकट बसवाची हाय यायले."

सुधाकरनं देवीकडं पाहून विचार केला. जिवाऐवजी केस चालतात, असं देवीचं मत पडलं. मिशीसकट. न्हाव्याला बोलावलं, आणि घटकाभरात भगवंतरावांचं डोकं हंड्यासारखं लखलखीत झालं. येताना वाटेत ज्यानं त्यानं थांबवून विचारलं, "कोन गेलं?"

"कोनीच नाई गेलं," भगवंतराव प्रत्येकाला अभिमानानं सांगत होते.

घरी येताच ते परसात मांडी ठोकून बसले. नवस फिटला होता. पोरीचं शिक्षण पक्कं होतं. कोंबडी जिवंत होती. त्यांनी तळहातावर ज्वारी घेतली आणि हात पुढं केला.

मॅडमनं गुळगुळीत डोक्याकडं पाहिलं. मिशीच्या जागेकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पाठ फिरवली, भिंतीशी जाऊन बसली आणि डोळे मिटून घेतले.

"आता काय झालं हिले?" भगवंतरावांचा हात तसाच राहिला.

मनकर्णा त्यांच्याशेजारी खाली बसली.

"तिले वाटते," ती म्हणाली, "तुमीबी गेले बासरले."