घासून झालेलं कडं

"घासून झालंय. पण देता येणार नाही," रोझविथा किमिग म्हणाली आणि टेबलावरच्या पोलादी कड्यावर तळवा ठेवून बसली.

समोर ओबर्ले. ऱ्हाईन नदीपलीकडच्या, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या कारखान्यातला इंजिनियर. कडं क्षेपणास्त्रात बसणारं, घडवलेलं नदीच्या अलीकडे, जर्मनीतल्या केल गावी, रोझविथाच्या कारखान्यात. ओबर्लेच्या हातून ते पडलं, काठाला ओरखडा उठला. साहेबाला न सांगता पावाच्या पिशवीत घालून तो सकाळी ट्रॅमनं पूल ओलांडून ते घासून घ्यायला आला. तिकडचे लोक इकडे स्वस्त सिगारेटी घ्यायला येतात तितक्याच सहज.

"अगं, माझंच आहे ते. तुझ्याकडूनच घेतलं होतं."

"तेव्हा परवाना होता. आता ते परत जर्मनीत आलंय. इथून जाणार म्हणजे पुन्हा निर्यात, पुन्हा परवाना."

"क्षेपणास्त्र दोन्ही देशांचं आहे ना?"

"भाषणात. परवान्याच्या अर्जात विचारतात, शेवटी कुणाच्या हाती जाणार? सांग."

"ते मलाही सांगत नाहीत."

"मग मी काय लिहू? देव जाणे?"

ओबर्लेनं कड्याकडे बोट केलं. "मग ओरखडा परत पाड. होतं तसं घेऊन जातो."

पंचाईत अशी, की रोझविथा खरंच विचारात पडली. ओरखड्याचं कडं म्हणजे शस्त्र की भंगार? भंगाराचा परवाना निराळा असेल का? आयुष्यभर कडी घडवली, पण कडं नेमकं काय असतं हे आज तिला सांगता येईना.

"गुरुवारी चाचणी आहे," ओबर्ले म्हणाला. "कडं जागेवर नसेल तर माझी नोकरी गेली."

"आणि दिलं तर माझा कारखाना. चल, पायपुलापर्यंत सोडते." पिशवी तिनंच उचलली. का, ते तिलाही कळलं नाही.

पायपुलावर सायकली, बाबागाड्या, कुत्री इकडून तिकडे चालली होती. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मधोमध ती थांबली.

"हद्द इथेच कुठेतरी असेल?"

"असेल," म्हणत ओबर्ले दोन पावलं पुढे जाऊन उभा राहिला. "पिशवी त्या बाकावर ठेव आणि नदी बघ. तू दिलं नाहीस, मी घेतलं नाही."

"मग ते गेलं कसं?"

"तू विसरलीस."

"विसरायलाही परवाना लागत असेल," ती म्हणाली. पण पिशवी बाकावर ठेवून ती कठड्याशी गेली. ती बघत नसताना उचलणं ओबर्लेला चोरीसारखं वाटलं, म्हणून तोही कठड्याशी येऊन उभा राहिला. खालून एक मालवाहू बोट गेली. कोणत्या देशाची, ते दिसलं नाही.

मागून पावलं येत होती, जात होती.

"आहे का अजून?" बऱ्याच वेळानं ओबर्लेनं हळूच विचारलं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी नदी बघतेय."